कुर्डुवाडीस बर्फ भरावा

सोलापूर,
गुरुवार, २ मार्च १९७८

प्रिय जालिंदर,

दचकलास? नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून, की 'तू' म्हटलं म्हणून? पाच वर्षं तुझ्या घरात होते, पण तुझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. सगळं 'अहो', 'हे' आणि 'घरातले'. हळदीकुंकवाला शेजारणी हट्टाला पेटल्या तेव्हा एकदोनदा उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. आता लिहिताना काहीसुद्धा वाटत नाही. 'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून, त्यावर जाऊ नकोस.

होय, मीच. केसर. वळसंगच्या महिपतीची थोरली, तुझी पहिली बायको. तू सांगत फिरतोस तशी मी बाळंतपणात मेलेली नाही. मी मेले ही बातमी मला तीन आठवड्यांपूर्वीच कळली, नाहीतर दहाव्याला आले असते. मेलेल्या बाईला आठ वर्षं झाली नोकरी आहे, सोलापुरात, एका हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत. लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, सुई घालते, रक्त काढते आणि काय निघालं ते लिहून देते. आणि गेले तीन आठवडे ज्यांचं रक्त काढते त्यांत तुझी मुलगी आहे. माझीही आहे, पण तिला ते माहीत नाही. ती मला 'रक्तवाल्या बाई' म्हणते.

बायकांच्या वॉर्डातून फॉर्म आला तेव्हा मी नळ्या धूत होते. भीमा जालिंदर, वय तेरा, कुर्डुवाडी. एक महिना ताप, सांधे सुजलेले, उन्हात खेळून आल्यावर गाल लाल. मी फॉर्म दोनदा वाचला, हात पुसले आणि वर गेले. तीन वर्षांची सोडली होती, तेव्हा तिच्या पुढच्या दातात फट होती. ती तशीच आहे. नाकावर आणि दोन्ही गालांवर लाली पसरलेली, मला माझ्या आरशात दिसायची तश्शी. मी दंडाला पट्टा बांधत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, बाई, तुमच्याबी गालाला माज्यासारकंच हाय की. तेरा वर्षांच्या पोरीला एका नजरेत दिसलं. तुला पाच वर्षं शेजारी झोपून दिसलं नव्हतं. मी शेगडीपुढं बसते म्हणून तोंड लाल होतं, असं तुझ्या आईनं ठरवलं होतं आणि तू मान डोलावली होतीस.

तिच्या उशाशी तुझी सोना बसलेली. चांगली आहे रे. तुझ्या नशिबाला दोन्ही वेळा चांगल्या बायका आल्या, आणि त्यांच्या नशिबाला दोन्ही वेळा तू. पोरगी तिला आई म्हणते आणि ती आईसारखीच वागते, मला तिचा राग येत नाही. डॉक्टरांनी तिला विचारलं, पोरीच्या आईला कधी असा आजार होता का? ती बिचारी म्हणाली, मी दुसरी हाय वो सायेब, तिची आई बाळतपनात गेली, आमचं मालक सांगत्यात. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं, आईबद्दल माहिती नाही. पुढं लिहिलं, संधिवाताचा ताप असावा. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, हातात भीमाच्या रक्ताची नळी. तू एका खोट्यासाठी मला मारलंस ते मारलंस, पण त्या खोट्यानं माझी पोर चुकीच्या औषधावर जाणार होती. हे तुला कधी सुचलं असतं का? नाही सुचायचं. तू रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला माणूस. वर चिठ्ठीवर लिहिलंय तेच आत आहे, असं धरून सही ठोकायची तुला सवय.

अडुसष्ट साल आठवून बघ. भीमाच्या पाठची दोन्ही मुलं माझ्या पोटातच गेली. दुसऱ्या वेळी तुझ्या आईनं मला घरातलं पाणीसुद्धा भरू दिलं नाही. तू मला एका दवाखान्यात नेलंस, त्यांनी रक्त तपासलं आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असा कागद दिला. व्हीडीआरएल म्हणजे गरमीच्या रोगाची तपासणी, बाहेरख्याली माणसांना होतो तो. तुझंही रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. झालं! तुला हिशेब सुटला. नवऱ्याला नाही आणि बायकोला आहे, म्हणजे बायको कुठंतरी जाते. मी कुठं जाणार होते? रेल्वे क्वार्टरातून दळणाला आणि दळणातून क्वार्टरात. पण तुझ्याजवळ छापील कागद होता, वर गोल शिक्का होता. शिक्का दिसला की तुझी अक्कल नमस्कार करून बाजूला होते.

मला वळसंगला आणून सोडलंस ते तरी गपचूप सोडायचंस. नाही. माझ्या बापाच्या ओसरीवर भावकीतली चार माणसं बोलावलीस आणि तो कागद मोठ्यानं वाचलास. इंग्रजीत वाचलास, मग मराठीत अर्थ सांगितलास. माझी पोरगी असल्या घाण रक्ताच्या बाईजवळ ठेवणार नाही म्हणालास. बाबांनी विचारलं, पावणं, तुमचं काय आलं? तू छाती काढून म्हणालास, निगेटिव्ह. ते कुणाला कळलं नाही, चांगलं की वाईट ते तुला समजावून सांगावं लागलं. मी आत चुलीजवळ उभी होते. भीमा तुझ्या खांद्यावर झोपली होती, एक चप्पल पायात आणि एक आमच्या दारात पडलेली. ती चप्पल माझ्याजवळ आहे. बाबा नंतर ओसरीवर बसायचेच बंद झाले आणि पुढच्या वर्षी गेले.

तेव्हा माझा ताप हटत नव्हता, केस मूठभर हाताला यायचे, बोटं वळत नव्हती. माझ्या भावानं, धोंडीरामानं, मला इथं आणून टाकलं. लॅबोरेटरीत सिद्धाप्पा म्हणून म्हातारे टेक्निशियन होते, अक्कलकोटकडचे, अर्धं कानडी बोलायचे. त्यांनी माझं रक्त काचेच्या मण्यांबरोबर हलवलं, दोन तास ठेवलं, काचपट्टीवर पसरून रंगवलं आणि दुर्बिणीखाली घालून सकाळपासून दुपारपर्यंत बघत बसले. मग मला हाक मारली, नोडव्वा केसर, बघ. एका पांढऱ्या पेशीनं दुसरीचा गर गिळला होता. पोट फुगलेलं आणि तिचा स्वतःचा गर कडेला चेपलेला. एल. ई. सेल म्हणतात तिला. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की या आजाराचं नाव ल्युपस. यात आपलंच रक्त आपल्यावर उठतं. ना कुणाकडून येतो, ना कुणाला जातो. पोटातली मुलं जातात ती यातच. आणि या आजाराच्या बायकांत त्या व्हीडीआरएलची खूण पुष्कळदा खोटीच उमटते. त्यांनी मुंबईला माझं रक्त पाठवून गरमीची दुसरी, पक्की तपासणी करून घेतली. ती स्वच्छ आली. मी सातवी शिकलेली बाई, मला एका बैठकीत समजलं.

ते सगळं मी तुला लिहिलं होतं. एकोणसत्तरच्या दिवाळीत, रजिस्टर पत्रानं, डॉक्टरांच्या सहीचा कागद घालून. छापील कागदच घातला होता, वर शिक्का होता, तुला आवडतो म्हणून! पाकीट परत आलं, न फोडलेलं. पोस्टमननं वर लिहिलं होतं, घेण्यास नकार. तुझ्या हातात कागद येऊन तू वाचला नाहीस, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं असेल. तेव्हा मी लई रडले. आता त्या रडण्याचीच लाज वाटते.

पुढं सिद्धाप्पांनी मला नळ्या धुवायला ठेवून घेतलं आणि धुता धुता शिकवलं. आता ते नाहीत, त्यांच्या स्टुलावर मी बसते. माझं रक्त मीच बघते. ईएसआर म्हणून एक तपासणी असते, उंच बारीक नळीत रक्त तासभर उभं ठेवायचं आणि लाल भाग किती खाली बसला ते मोजायचं. वीसच्या आत असलं तर बरं. मी आले तेव्हा माझा एकशे अठरा होता. सिद्धाप्पा म्हणायचे, ईएसआर म्हणजे गल्लीतली भांडखोर बाई, दाढ दुखली तरी वरडती, सर्दी झाली तरी वरडती. तुझ्या आईची आठवण यायची मला. खरी खबर दुसरीकडे असते. रक्तात कॉम्प्लिमेंट म्हणून एक द्रव्य असतं. आजार आतून जोर करतो तेव्हा ते खर्ची पडतं, आणि ते उतरलं की मूत्रपिंडं धोक्यात आली असं धरायचं. त्याचा आवाज येत नाही. सोशिक सून जशी घरात काही बोलत नाही, नुसती कमी कमी होत जाते, तसं. ते मोजायची सोय इथं नाही, मुंबईला आहे.

भीमाचा ईएसआर शहाण्णव निघाला. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. मला कुणी एल. ई. सेल बघायला सांगितलं नव्हतं, मी स्वतःहून पाहिलं. पहिल्या काचपट्टीवर काही नाही, दुसरीवर नाही, तिसरीवर तीन सापडल्या. काचपट्टी घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, फॉर्मवरचं कापा साहेब, आईबद्दल माहिती आहे, आई मी आहे. आठ वर्षांत त्या माणसानं मला कधी बस म्हटलं नव्हतं, त्या दिवशी खुर्ची ओढून दिली. त्यांनी तिचं रक्त मुंबईला पाठवलं. कॉम्प्लिमेंट निम्म्याहून खाली. त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, मी घेते त्याच. आता ताप नाही. परवा वेणी स्वतः घातली तिनं, हात वर करून. सोनानं सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवली.

आणि मग तो तुझा लाडका व्हीडीआरएल. तपासण्यांच्या यादीत कुणीतरी तोही लिहिला होता, माझ्या सुट्टीच्या दिवशी झाला, आणि पॉझिटिव्ह आला. माझाच ना तो वारसा, येणारच. पण वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर आहे, तुझ्याच जातकुळीचा, कागद बघून शहाणा होणारा. त्यानं सोनाला बाजूला घेऊन विचारलं, पोरगी कुणाकडे जाते-येते, घरात कोण पुरुष असतात. तेरा वर्षांच्या पोरीबद्दल! दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं आणि त्या कागदावर तांबड्या शाईनं 'खोटा' असं लिहिलं. पण तोवर भेदरलेल्या सोनानं कुर्डुवाडीच्या शेजाऱ्याबरोबर तुला निरोप धाडला होता.

तुझी चिठ्ठी सोमवारी आली. सोनाला वाचता येत नाही हे तू विसरलास, की ती वाचून घ्यायला कुणाकडे जाईल याचा विचार केला नाहीस? ती माझ्याकडे आली. बाई, वाचा की वो, मालकांची हाय. मी वाचली. 'रिपोर्टाबाबत कोणासही बोलू नये. औषधे बंद करावीत. पोरीची शाळा बंद. रविवारी येऊन घेऊन जातो, करकंबला आत्याकडे ठेवू, पुढचे पुढे पाहू. कळावे.' ताप कसा आहे, दुखतंय का, जेवते का, एक अक्षर नाही. पार्सल इथून उचलून तिथं टाकायचं, एवढंच. दहा वर्षांत तू एका केसाइतका पुढं गेलेला नाहीस. बायको झाली, आता लेक. उद्या तुझ्या रक्तात काही निघालं तर स्वतःला कुठं नेऊन टाकशील, ते तरी ठरवून ठेव.

मी सोनाला काय वाचून दाखवलं माहीत आहे? 'पोरीला जपा. डॉक्टर सांगतील तोवर तिथंच राहा. गोळ्या चुकवू नका. घरची काळजी करू नका.' या टेबलावर बसल्यापासून मी खोटा रिपोर्ट कधी दिला नाही, हा एकच. सोनाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आसं लिवलंय व्हय? मानूस मनानं चांगला हाय बगा, बोलत न्हाय इतकंच. मी खाली मान घालून नळ्यांवर नंबर लिहीत राहिले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर पोरगी आठ दिवसांत पडेल, आणि तिची मूत्रपिंडं गेली तर ती परत मिळत नाहीत. तू बाप आहेस, तू न्यायला आलास तर तुला अडवायचा हक्क कागदोपत्री मला नाही, मी तर मेलेली आहे. म्हणून रविवारी येण्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं, आणि पोस्टावर माझा भरवसा नाही, पोस्टाचं तू घेत नाहीस. आमच्या लॅबोरेटरीतून एक निळा थर्मास महिन्या-दोन महिन्यांनी रेल्वे पार्सलानं मुंबईला जातो, ठाऊक आहे ना? त्यावर पट्टी असते, 'कुर्डुवाडीस बर्फ भरावा'. ती पट्टी मी लिहिते. रिकामा थर्मास परत येतो तेव्हा पट्टीखाली 'बर्फ भरला', वेळ आणि सही असते. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा ती सही बघितली आणि लगेच ओळखली. ओसरीवर वाचलेल्या कागदाच्या पाठीवर तुझी तीच सही होती. त्या थर्मासमध्ये कधी दुसऱ्यांचे नमुने असतात, कधी माझा. ज्या रक्ताला चार माणसांत घाण म्हणालास, त्याला सहा वर्षं तू स्वतःच्या हातानं गार ठेवून मुंबईला पोचवलंस. एकदा चुकला नाहीस, तेवढं मान्य करते. म्हणून पाकीट आज थर्मासच्या दांडीला बांधलंय आणि वर लिहिलंय, 'आधी बर्फ भर, मग फोड.' भरलास ना? रविवारी ये, पण न्यायला नाही. भीमाच्या खाटेजवळ उभा राहा आणि सोनासमोर, वॉर्डासमोर, तुझ्या तोंडानं तिला सांग की तिची आई जिवंत आहे, आणि वळसंगला वाचलास तो कागद खोटा होता. वाचायचा आवाज तुझा खणखणीत आहे. नाही आलास तर सोमवारी मी सांगेन, आणि तुझ्याबद्दल जे आहे ते सगळं सांगेन. आज थर्मासमध्ये दोन बाटल्या आहेत, एक माझी आणि एक भीमाची, गोळ्या लागू पडतात का ते बघायला. वर नावं नाहीत, नुसते नंबर. बर्फ भरताना तुला दिसल्या असतील, दोन्हीत रक्तावरचं तेच पिवळसर पाणी. त्यातली घाण कुठली, ती काढून बाजूला ठेवायची होतीस की.

भीमाची, आणि फक्त भीमाचीच,
केसर